अर्धवट टाकलेलं पुस्तक कोणतं?

"तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?" हे मी हल्ली कुणाला विचारत नाही. उत्तरं ठरलेली असतात. 'मृत्युंजय', 'ययाति', 'श्यामची आई', आणि समोरचा चार वर्षं पुण्यात राहून आलेला असेल तर 'कोसला'. या पुस्तकांना नावं ठेवायची माझी टाप नाही. पण हा प्रश्न आला की माणूस वर्गात उभं राहून उत्तर दिल्यासारखा बोलतो, आणि त्याला पुढे काय वाचायला द्यावं याचा त्यातून काही पत्ता लागत नाही. म्हणून मी विचारते, "शेवटचं अर्धवट टाकलेलं पुस्तक कोणतं? आणि कुठे टाकलंत?" आधी जरा ओशाळं हसू येतं. मग माणूस खरं बोलायला लागतो.

माझं चिपळूणला बाजारपेठेत मेडिकल आहे. काउंटरच्या मागे, सिरपच्या बाटल्यांच्या खालचे दोन कप्पे पुस्तकांचे. हे काही मी ठरवून केलेलं नाही. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी वाचत बसायची. कुणीतरी विचारलं, "काय वाचताय?" आणि घेऊन गेलं. परत करताना स्वतःकडचं एक घेऊन आलं. आता उधारीच्या वहीची मागची पानं पुस्तकांची झाली आहेत: नाव, पुस्तक, तारीख. पुढच्या पानांवरचे लोक दिसले की रस्ता बदलतात. मागच्या पानांवरचे मुद्दाम थांबतात, कारण त्यांना बोलायचं असतं.

काउंटरवर वाचायचं पुस्तक आणि घरी वाचायचं पुस्तक ही माझी दोन वेगळी खाती आहेत. काउंटरवरचं कुठेही तुटणारं हवं. ललित लेख, पत्रं, माणसांची छोटी चित्रं. जी.एं.ची कथा दुकानात वाचून पाहिली, जमत नाही. वाक्य मध्यावर आलेलं असतं आणि कुणीतरी म्हणतं, "ताई, एक पॅरासिटामॉल." सुट्टे देऊन परत येईपर्यंत त्या कथेने दार लावून घेतलेलं असतं. याउलट दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' कितीही वेळा उठवलं तरी रागावत नाही. महिन्यावार लेख आहेत, त्या त्या महिन्यात तो तो काढायचा. मी गेली काही वर्षं तसंच करते आणि अजून ते 'वाचून झालं' असं मला म्हणवत नाही.

तर त्या प्रश्नाकडे येते.

आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका येतात, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांना. त्यांच्या हाताखाली अर्धं गाव शिकलंय, मीसुद्धा. त्यांना हा प्रश्न विचारायला मला धीर गोळा करावा लागला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दुकानात तिसरं कुणी नाही याची खात्री केली आणि म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस. 'मृत्युंजय'." मी म्हटलं, "बाई, तुम्ही?" तर म्हणाल्या, "अगं, सगळे फार बोलतात त्यात. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, शोण बोलतो. मला आयुष्यभर वर्गात गडबड ऐकून झालीये."

आता हे उत्तर सोन्यासारखं आहे. बाईंना महाभारत नको होतं असं नाही, त्यांना अलंकार नको होते. त्यांना मी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' दिलं. एकेका व्यक्तीवर एकेक लेख, आणि लेखणी अशी कोरडी, की भीष्माच्या त्यागाकडेही इरावतीबाई चष्मा खाली करून बघतात. त्या त्यागाची किंमत कुणाकुणाला मोजावी लागली, हा हिशेब त्या मांडतात. हे पुस्तक १९६७ साली आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं, आणि तरीही ते 'आवडतं पुस्तक' म्हणून क्वचित कुणी सांगतं. आमच्या बाईंनी ते आठ दिवस ठेवलं. परत आणलं तेव्हा सोबत भैरप्पांचं 'पर्व' होतं, उमा कुलकर्णींनी केलेला अनुवाद. "हे तुझ्या घरच्या खात्यात टाक," म्हणाल्या, "दुकानात उघडू नकोस, औषधं चुकवशील." त्यांचा सल्ला मी पाळला. 'पर्व'मधले राजेरजवाडे थकलेले, घामेजलेले, म्हातारे होत चाललेले आहेत. 'युगान्त'नंतर लगेच वाचलं म्हणून ते मला जास्त भिडलं. उलट क्रमाने वाचलं असतं तर कदाचित इरावतीबाई रुक्ष वाटल्या असत्या. पुस्तक सुचवताना क्रमही सुचवावा, हे मी बाईंकडून शिकले.

दुसरे आमचे एस.टी.तले कंडक्टर. गुहागर गाडीला असतात. त्यांचं उत्तर: "कादंबरी कुठलीही. अर्ध्यात टाकतो. खोटं कशाला वाचायचं?" वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांना गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' दिला. पेणजवळच्या वरसईचा कर्जात बुडालेला भिक्षुक. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत असं कळतं, म्हणून दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेला निघतो, आणि १८५७च्या बंडात सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा हा आत असतो. लुटला जातो, उपाशी राहतो, आणि घरी परततो तो गंगेची कावड खांद्यावर घेऊन. त्याने हे सगळं बऱ्याच वर्षांनी लिहून काढलं आणि चिं. वि. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं. त्यात सगळं खरं, त्यामुळे कंडक्टरांची तक्रार उरली नाही.

पुस्तक परत आलं तेव्हा त्यात तिकीट मशीनच्या कागदाची लांब पट्टी होती. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात गावांची नावं एकाखाली एक: वरसई, पुणे, अहमदनगर... आणि प्रत्येकापुढे अंदाजे किलोमीटर. "ताई," म्हणाले, "हा माणूस चाललाय किती, हे कुणी बघतच नाही. सगळे झाशीच्या राणीचं तेवढं वाचतात." मी ती पट्टी पुस्तकातच ठेवली आहे. पुढच्या वाचणाऱ्याला नकाशा लागणार नाही.

त्यांनी मला बदल्यात शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' दिलं. मी ते वाचलेलं नव्हतं. आटपाडीच्या महारवाड्यातून निघून मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरूपदापर्यंत पोचलेल्या माणसाचं आत्मचरित्र. मला त्यातला कुलगुरूपदाचा भाग तितकासा लागला नाही. वडिलांच्या तराळकीचा भाग मात्र डोक्यातून जात नाही. गावाचा सांगावा घेऊन पळायचं, रात्री-बेरात्री, कुणाचंही, आणि बदल्यात शिळ्या भाकरीचा तुकडा. त्याच सुमाराला मी पुन्हा एकदा 'बनगरवाडी' काढली होती. माडगूळकर तिथलेच, आटपाडीच्या बाजूच्या माडगुळ्याचे. म्हणजे मुलूख एक, दुष्काळ एक, ओसाड माळ तोच. पण एकात गावात मास्तर म्हणून शिरतो आपण, आणि दुसऱ्यात गावाबाहेरच थांबतो. ही दोन पुस्तकं एकामागोमाग वाचा, एवढंच मी आता लोकांना सांगते. का, ते सांगत बसत नाही.

'बनगरवाडी' मी मुळात बाहेर काढली होती ती एका एम.आर.साठी. औषध कंपनीचा मुलगा, पंचविशीतला, बॅग घेऊन चिपळूण, खेड, दापोली, गुहागर फिरतो. या मुलांचा निम्मा दिवस डॉक्टरांच्या बाहेर बाकावर जातो. सगळे पेशंट संपल्याशिवाय आत घेत नाहीत. मोबाइलची बॅटरी उतरली की ती मुलं भिंतीवरचे हाडांचे तक्ते वाचतात. याने 'कोसला' तिसाव्या पानावर टाकलं होतं. मित्र म्हणाला होता, आयुष्य बदलेल. "मॅडम, काही घडतच नाही त्यात." हा मुलगा लातूरकडचा. पहिली नोकरी, कोकणातला पहिला पावसाळा, खोलीत बुरशी आलेले बूट. त्याला 'कोसला'तल्या पांडुरंग सांगवीकरशी काय घेणं? त्या काळच्या पुण्यात कॉलेजात जाऊन कंटाळायला आधी घरचे पैसे लागतात. बनगरवाडीचा मास्तरही असाच नोकरीच्या कागदाचा कपटा घेऊन परक्या मुलखात आलेला असतो. धनगरांना शाळा नकोय, पोरं मेंढरांमागे, आणि कारभाऱ्याच्या मर्जीशिवाय पान हलत नाही. सव्वाशे-दीडशे पानांचं पुस्तक. खेडच्या एका दवाखान्याबाहेर त्याने ते संपवलं. आत बोलावलं तेव्हा म्हणे त्याला उठवेना.

तेव्हापासून तो आमचा टपालवाला आहे. सँपलच्या बॅगेत दोन-तीन पुस्तकं असतात. दापोलीच्या एका डॉक्टरीणबाईंकडून 'गारंबीचा बापू' आलं ते त्याच्याच बॅगेतून. श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातले, मुर्डीचे. दापोलीच्या माणसाने ती कादंबरी दुसऱ्याला देताना असा काही अभिमान दाखवावा की जणू बापू त्यांच्या आळीतला आहे. त्या बाईंना मी आजवर पाहिलेलं नाही. पण त्यांनी पानांच्या कडेला पेन्सिलीने 'हे झाड आता नाही' असं जिथे जिथे लिहिलंय, ते वाचून मी त्यांना ओळखते.

पेन्सिलीवरून आठवलं. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांत शेवटच्या पानावर वाचकांचे शेरे असतात ते कुणी कुणी पाहिलेत? 'छान.' 'भिकार.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'आपणास कळले नाही.' त्याखाली, 'तुम्हाला कळले असल्यास सांगावे.' आणि म्हातारे वाचक आपण हे पुस्तक वाचलंय हे पुन्हा लक्षात यावं म्हणून एक ठरावीक पान निवडून त्याच्या आकड्याभोवती बारीक गोल करतात. माझ्या वडिलांचं पान सत्तावीस होतं. ते गेल्यावर कितीतरी वर्षं मी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचं आधी सत्ताविसावं पान उघडायची. गोल असला तर पुस्तक घरी यायचं. ग्रंथपालांना हे शेरे आवडत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. पण चारोळीएवढ्या जागेत दोन अनोळखी माणसं एका पुस्तकावरून भांडतात, याहून चांगली शिफारस मला अजून कुठे दिसलेली नाही.

आमच्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २०१३चं साहित्य संमेलन चिपळुणात झालं ते त्याच्याच यजमानपदाखाली. २००५च्या पुरात त्याची पुस्तकं गेली, ती माणसांनी पुन्हा उभी केली. मग २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी पहाटे बाजारात शिरलं आणि दुपारपर्यंत तळमजल्याची दुकानं दिसेनाशी झाली. आमचंही. औषधांचं काय झालं ते सांगत नाही, तो वेगळाच हिशेब आहे. पुस्तकं मात्र कप्प्यांत फुगून इतकी घट्ट बसली होती की ओढून निघेनात. शेवटी सुताराने फळी तोडली. आत चिखलाचा एकच ठोकळा. कुठलं पुस्तक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

वहीसुद्धा गेली. त्यामुळे कुणाकडे काय आहे याची नोंद कुठेच नव्हती. तरी पुढच्या महिनाभरात लोक येत राहिले. अलोऱ्याहून, पोफळीहून, मार्गताम्हान्याहून, जिथे पाणी चढलं नव्हतं तिथून. कुणी झाडू घेऊन आलं, कुणी डबा घेऊन, आणि डब्याच्या पिशवीत खाली एखादं पुस्तक. "ताई, हे तुमचं राहिलं होतं माझ्याकडे." जी बाहेर होती तेवढीच वाचली. आज कप्प्यात जी जुनी पुस्तकं दिसतात ती सगळी त्या वेळी दुसऱ्याच्या घरी होती. मी नीट जपून ठेवलेलं, कव्हर घातलेलं एकही नाही. आता कुणी म्हणालं, "नेऊ का, परत यायला उशीर होईल," तर मी म्हणते, न्या हो.

शेजारचा शिंपी वाचत नाही. डोळे कामातच जातात. तो मशीनवर बसून ऐकतो, मोबाइलवर जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या. 'स्वामी' त्याने इतक्यांदा ऐकलंय की माधवरावांची तब्येत बिघडायला लागली की तो मशीन थांबवतो. वाचणारे त्याला कमी समजतात हे मला पटत नाही. उलट कुठल्या लेखकाची भाषा कानाला सोसते आणि कुठल्याची नुसती कागदावर चालते, हे त्याला माझ्याहून चांगलं कळतं. त्याला मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली. पुस्तकच दिलं, कागदाचं. रात्री सून वाचून दाखवते, तो बटणं लावतो. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापाशी सून इतकी हसली की सासूबाई स्वयंपाकघरातून उठून आल्या. "बोलते आहे हो ती बाई," एवढाच त्याचा अभिप्राय. नव्वद वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे. याहून वेगळं समीक्षकही काय सांगणार?

सगळ्यांना सगळं लागू पडतं असं नाही. डॉक्टर व्हायच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी आईच्या इन्सुलिनसाठी येते. तिला मी प्रकाश नारायण संतांचं, लहानग्या लंपनच्या गोष्टींचं 'वनवास' दिलं. दोन दिवसांत परत. "काकू, फारच गोड आहे हो." मला लंपन जीव की प्राण, पण वाद नाही घातला. तिने स्वतःच कप्प्यातून सगळ्यांत बारीक पुस्तक ओढलं, कारण 'वेळ नाहीये'. ते निघालं विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. १९३९ सालचं. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतलीच हर्टा, आणि एक मराठी तरुण. दुसऱ्या दिवशी आई तणतणत आली, पोरीने रात्रभर दिवा चालू ठेवला म्हणून. मागून पोरगी आली. डोळे सुजलेले. "हे खरंच मराठीत त्या वेळी लिहिलंय?" मी म्हटलं, महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी आलेलं पुस्तक आहे. तिने मोबाइल काढला आणि तिथेच उभ्या उभ्या मैत्रिणीला लांबलचक आवाजी निरोप पाठवला. त्यात तिने गोष्ट सांगितली नाही, नुसतं "तू हर्टाला भेट" असं चार वेळा म्हणाली. असं सुचवता यायला हवं.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून कंटाळा आहे. 'मरण्यापूर्वी वाचावीत अशी शंभर पुस्तके' अशा याद्या, आणि त्यामागोमाग येणाऱ्या पीडीएफ. यादी करणाऱ्याने त्यातली किती वाचलीत हे विचारायची सोय नसते. आणि पीडीएफ फुकट वाटणाऱ्याला वाटतं आपण वाचनसंस्कृती वाढवतोय. लेखक हयात आहे, प्रकाशक दुकान चालवतोय, त्यांच्या तोंडचा घास काढून कसली संस्कृती? परवडत नाही म्हणाल तर वाचनालयाची वर्गणी अजूनही वडापावाच्या हिशेबात बसते. दिवाळी अंकांचं आम्ही बाजारपेठेतल्या काही दुकानदारांनी जमवलंय. अंक तीनशे-चारशेला गेलेत. म्हणून प्रत्येकाने एकच घ्यायचा आणि दर आठवड्याला पुढच्या दुकानात सरकवायचा. सराफाकडून येणारा अंक कोरा असतो, हॉटेलवाल्याकडून येणाऱ्यावर सांबाराचे ठिपके. मला ठिपकेवाला आवडतो. ज्या कथेवर ठिपका पडलाय ती आधी वाचते, कारण हॉटेलवाल्याने ती भर गर्दीतही खाली ठेवलेली नसते.

हा प्रश्न उलटून मलाही विचारला गेलाच. कंडक्टरांनीच विचारला, भर गिऱ्हाइकात. "ताई, तुम्ही काय टाकलंत?" माझं उत्तर आहे नेमाड्यांची 'हिंदू'. २०१०मध्ये आली तेव्हा हौसेने विकत घेतली, खंडेराव मोहेंजोदडोहून घरी निघाला, वडील अत्यवस्थ आहेत, आणि मी त्याला वाटेतच सोडला. भाषा आवडत होती. त्या अडगळीत शिरायला सलग वेळ लागतो आणि मी तुकड्यातुकड्यांत जगणारी बाई. कंडक्टर म्हणाले, "मला द्या. गुहागरला रात्रपाळीचा मुक्काम असतो." मी म्हटलं, ती कादंबरी आहे, खोटं आहे. तर म्हणाले, "एवढं जाड आहे, सगळंच कसं खोटं असेल?" सध्या ती त्यांच्याकडे आहे. दोनशे पानं झाली असा शेवटचा निरोप आहे, आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

आता मी शोधतेय ती उद्धव शेळक्यांची 'धग'. १९६०ची, वऱ्हाडी बोलीतली. माझी प्रत त्या पुराच्या ठोकळ्यात गेली. कौतिकची गोष्ट बाईंना द्यायची आहे, त्यांना अलंकार नको असतात म्हणून, आणि लातूरच्या पोराला द्यायची आहे, त्याच्या आईचं तो जे काही सांगतो त्यावरून. कुणाकडे वाचून झालेली प्रत पडून असेल तर बदल्यात माझ्याकडे जी.एं.ची 'काजळमाया' जास्तीची आहे, नवी कोरी, दुकानात वाचता न येणारी. पानावर काही लिहिलेलं असेल तर खोडू नका, तशीच पाठवा.